तू म्हण, मी आहे मागं

डावा हात कानावर. उजव्या हाताचा तळवा छातीपाशी उताणा, कुणीतरी त्यात काही ठेवणार असल्यासारखा. मान थोडी कललेली. पुढे बसलेला गाणारा कितीही नावाजलेला असो, पहिली ओळ सुटायच्या आधी ते त्याच्या पाठीकडे बघायचे आणि हळूच म्हणायचे, "तू म्हण, मी आहे मागं."

हे वाक्य समोरच्या गर्दीला कधी ऐकू गेलं नाही. तोवर मी त्यांचा माइक बाहेर सोडलेलाच नसायचा. ते पडायचं फक्त माझ्या हेडफोनमध्ये. अजूनही कधीकधी पडतं, पण ते नंतर सांगतो.

मी साऊंडवाला. विरार पूर्वेला, फुलपाड्यात माझं दुकान आहे. हळदी, वाढदिवस, गणपती, जयंती, जे असेल तिथे माझे स्पीकरचे डबे जातात. साऊंडवाल्याकडे कार्यक्रमात कुणी बघत नाही, माइकची शीळ वाजली की शिव्या मात्र सगळे देतात. म्हणून असेल, पण मागं बसणाऱ्या माणसाकडे माझं लक्ष आधी जातं. तुम्हीही कधी जलशाला गेला असाल तर त्यांना पाहिलं असणारच. फक्त पाहिल्याचं तुमच्या लक्षात नसेल.

ते झीलकरी होते. झील म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर सांगतो. शाहीर ओळ म्हणतो, ओळीच्या शेवटाला त्याचा दम संपत येतो. तिथं मागचा माणूस ते टोक पकडतो आणि वर चढवतो, जी रं जी, जी जी. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, घोटभर पाणी पितो, पुढची ओळ आठवतो. लोकांना वाटतं शाहिराचाच आवाज चढला. टाळ्या शाहिराला, हार शाहिराला, पोस्टरवर फोटो शाहिराचा. आम्ही सगळे त्यांना नुसतं काका म्हणायचो. त्यांचं नाव पोस्टरवर कधीच आलं नाही, त्यामुळे मीही इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर ते लाजून बाहेर चहाला निघून गेले असते.

आता आमच्या भागातली भानगड समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भीमगीतांच्या पार्ट्या विरारलाही आहेत आणि नालासोपाऱ्यालाही. गावं शेजारी शेजारी, पण गाण्यावरून वैर असं की विचारू नका. सोपाऱ्यातली माणसं म्हणतात, "स्तूप कुनाच्या गावात? आमच्या. या मातीत हा आवाज आधीपासून हाय." विरारवाले म्हणतात, "स्तूप तुमचा, मान्य. पण त्या स्तुपाला गाता येतं का? मुंबईच्या चाळींतून, कोकणातून उठून आलेली माणसं आमच्याकडे उतरली, गाणी त्यांनी आणली." सोपाऱ्याकडच्या तुळिंजच्या पोरांनी मधे एका रॅपमध्ये जुनी चाल उचलली आणि खाली लिहिलं, 'ओरिजिनल सोपारा बाज'. झालं! विरारकरांनी त्याखाली आठवडाभर जे काही लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही. वसईच्या ब्रास बँडचा एक कॉर्नेटवाला माझ्या ओळखीचा आहे. तो दोघांनाही म्हणायचा, "भांडा रे भांडा, लग्नाच्या सुपाऱ्या आम्हीच घेतो."

खरी गंमत पुढे आहे. ती चाल या दोघांपैकी कुणाचीच नव्हती, एका वस्तादांची होती. वस्ताद सोपाऱ्याचे, पण त्यांचे शिष्य सगळीकडचे. त्यांतल्या रत्नाताई मूळ सोपाऱ्याच्या, आवाज धारदार. मोहनदादा विरारचे, आवाज भरदार, स्वभाव त्याहून भरदार. आणि या दोघांच्या मागं झील धरायला आमचे काका. वस्ताद होते तोवर ती एकच पार्टी होती. वस्ताद गेले आणि पुढं कोण बसणार यावरून रत्नाताई आणि मोहनदादांचं फाटलं. मोहनदादांनी पेटी उचलली, रत्नाताईंनी ढोलकी ठेवून घेतली. दोन पार्ट्या झाल्या. राहिले काका. त्यांना कसं वाटून घेणार?

ते दोघांकडे जायचे. शनिवारी हिच्या मागं, रविवारी त्याच्या मागं. दोघंही लोकांना सांगायचे, "झीलकरी आपला हाय." आणि काका दोन्हीकडे मान डोलवायचे. मी एकदा म्हटलं, "काका, तुम्ही नक्की कुणाचे?"

"जो म्हणतो त्याचा," ते म्हणाले आणि बिडी पेटवली.

सामन्याचा तो प्रसंग तर आमच्याकडे अजून सांगतात. सामना म्हणजे दोन पार्ट्या स्टेजच्या दोन बाजूंना. एक सवाल करणार, दुसरी जवाब देणार. यात एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. समोरच्या पार्टीच्या ओळीला आपण झील द्यायची नाही. दिली म्हणजे तिची ओळ उचलली, म्हणजे तिचं म्हणणं मानलं, म्हणजे आपण हरलो. तिथेच सामना संपतो. मग कितीही चांगला जवाब खिशात असू द्या.

त्या संध्याकाळी काका मोहनदादांच्या बाजूला होते. मोहनदादा रंगात आले होते, सोपाऱ्याला घाम फुटला होता. रत्नाताईंनी शेवटचा सवाल टाकला, वरच्या सुरात गेल्या आणि तिथे त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांच्या मागचा नवा झीलकरी ओळ पुरी व्हायची वाट बघत तोंड उघडून बसलेला. ओळ लटकली. मला मिक्सरवर दिसत होतं, त्यांच्या माइकचा दिवा लाल, पिवळा, हिरवा करत विझत चालला होता. आणि एवढ्यात माझ्या दुसऱ्या बाजूच्या डब्यातून काकांची झील उठली. अशी उठली की मांडव हलला. जी रं जी!

मग सोपाऱ्यातली माणसं उठून नाचायलाच लागली. विरार हरलं होतं. विरारच्याच झीलकऱ्यानं हरवलं होतं.

मोहनदादा स्टेजच्या मागं काकांवर तुटून पडले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? जिंकत होतो आपण!"

"अरे, पण ओळ पडत होती," काका म्हणाले.

"पडू दे ना! पडायलाच पाहिजे होती!"

"ओळ कशी पडू द्यायची?" काका खरंच गोंधळले होते. त्यांना कळतच नव्हतं यात चुकलं काय. मोहनदादा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग पुढच्या कार्यक्रमाला झीलकरी मिळेना, तेव्हा स्वतःच आले, हातात मिठाईचा पुडा घेऊन. वर म्हणाले, "तुझ्यासाठी नाही, वहिनीसाठी आणलाय."

पोटासाठी काका लिफ्ट दुरुस्त करायचे. विरारमध्ये मजल्यावर मजले चढले, लिफ्टा आल्या, आणि लिफ्टा आल्या म्हणजे त्या अडकणारच. वीज गेली की फोन यायचा. काका हत्यारांची पिशवी घेऊन जायचे, वरच्या मजल्यावरचं दार उघडून त्या काळ्या विहिरीत वाकायचे आणि आधी हाक द्यायचे, "घाबरू नका, मी आहे!" आवाज असा घुमायचा की खालच्या मजल्यावरच्या बायका दारं उघडून बघायच्या. एकदा आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक म्हातारी आत अडकली होती. रडून रडून तिचा श्वास कोंडायला लागला. काकांनी काम करता करता वरून झील धरली. तासाभरानं म्हातारी बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती सगळ्यांना सांगत होती, "आत कोन तरी देव गात होता."

"देव नाही आजी, बेअरिंग गेलं होतं," काका म्हणाले.

मला आवडायचे ते. सरळ सांगतो, फार आवडायचे. कार्यक्रम संपला की केबल गुंडाळायला मदत करणारा अख्ख्या वसई-विरारमधला तो एकमेव कलाकार. बाकीचे हार काढतात आणि गाडीत बसतात. अशीच एकदा केबल गुंडाळताना मी विचारलं, "काका, सगळ्यांच्या मागं तुम्ही. तुमच्या मागं कोण?"

ते हसले. "झीलकऱ्याच्या मागं भिंत असते रे. नाहीतर कनात."

मीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मग त्यांचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं धूळ आहे, लिफ्टच्या विहिरीत काय कमी घाण असते. मग वाटलं बिड्या. हेडफोनमध्ये मला झिलेच्या शेवटी एक खरखर ऐकू यायची. मला वाटलं माझी केबल गेली. मी केबल बदलली, माइक बदलला. खरखर तशीच. केबल नाही हे मग कळलं. मीच मागं लागून त्यांना डॉक्टरकडे पाठवलं.

डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर माणूस वाचेल, आवाज जाईल.

काका घरी आले, काकूंनी चहा ठेवला, आणि मला म्हणाले, "मोहनला आणि रत्नीला बोलव." एवढंच. जन्मात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं. वस्तादांचं नमन होतं एक, कार्यक्रमाच्या आधी म्हणायचं. पार्टी फुटल्यापासून दोघंही आपापलं अर्धंमुर्धं म्हणायचे, आपापल्या सुरात. काकांना ते एकदा वस्तादांसारखं पुरं व्हायला हवं होतं. पुढे मोहन आणि रत्ना, मागं ते. ऑपरेशनच्या आधी एकदाच.

दोघं आले. काकांच्या छोट्या खोलीत पलंगावर एक, खुर्चीवर एक. काकांनी बसक्या आवाजात सांगितलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, हे मी स्वतः बघितलंय. मग मोहनदादा म्हणाले, "करूया. फुलपाड्यातच करू, याच्या दारात."

रत्नाताई म्हणाल्या, "वस्ताद सोपाऱ्याचे. नमन सोपाऱ्यातच होयाला पायजे. नायतर उद्या तुम्ही म्हनाल नमनपन विरारचं."

"म्हणजे आम्ही चोर?"

"मी चोर म्हनले का?"

झालं सुरू. जागा कुठली. बॅनरवर आधी कुणाचं नाव. पेटी कुणाची, ढोलकी कुणाची. काका कुणाच्या बाजूला बसणार. मी म्हटलं, "अहो, माणूस काय सांगतोय ते ऐका!" ऐकतंय कोण. काका मधे दोनदा म्हणाले, "मला मधे बसवा. बास." तो आवाज इतका बारीक झाला होता की त्या भांडणात तो बुडून गेला. शेवटी ठरलं, पुढच्या रविवारी पुन्हा बसू.

पुढच्या रविवारी पुन्हा बसले. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख होती.

मला इतका राग आला होता की दोघांचंही काम सोडावंसं वाटलं. काका मात्र शांत. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी दुकानात आले आणि म्हणाले, "तुझं ते रेकॉर्डिंगचं मशीन घे. चल."

ते मला एका नव्या बिल्डिंगमध्ये घेऊन गेले. लिफ्ट अजून बसवायची होती, नुसती विहीर तळापासून गच्चीपर्यंत रिकामी. ते म्हणाले, "इथे आवाजाला कमी मेहनत पडते." मी माइक त्या पोकळीत सोडला. ते कानावर हात ठेवून उभे राहिले, तळवा छातीपाशी उताणा. समोर पाठ कुणाचीच नव्हती. तरी म्हणाले, "तू म्हण, मी आहे मागं." आणि झील धरली.

ती एकच स्वच्छ आली. खरखरीशिवाय. कुठून आणली कोण जाणे. ती वर गेली, गच्चीला लागली आणि हळूहळू खाली येत राहिली. दुसरी घ्यायला गेले तर आवाज फाटला. ते भिंतीला टेकून खोकत राहिले, मी पाठीवर हात फिरवत राहिलो.

"दोघांनाही हीच दे," ते म्हणाले. "त्यांच्या त्या कीबोर्डात भरून देतात म्हणे."

"काका, ते दोघं वेगळ्या सुरात गातात. ही कुठल्या सुरात आहे?"

"वस्तादांच्या. पेटीची काळी दोन." मग म्हणाले, "मोहन्याला थोडं वर यावं लागेल, रत्नीला थोडं खाली. येतील."

मी दोन्ही पार्ट्यांना ती झील दिली; तिच्या आधीचं ते वाक्य मात्र कापून माझ्याकडे ठेवलं, अजूनही कधीकधी हेडफोनमध्ये लावतो. त्यांच्या कीबोर्डवाल्यांनी ती एकेका पट्टीत भरून ठेवली. पट्टी दाबली की काका. दोघांनाही वाटलं आपल्यालाच मिळाली. मोहनदादांनी आधी मशिनीवर तिचा सूर खाली ओढून बघितला. आवाज असा जाड झाला की राक्षसच बोलतोय. तिकडे रत्नाताईंच्या जावयानं वर ढकलून बघितला तर चिमणी. तो आवाज काकांचा राहतच नव्हता. शेवटी जिथे काका होते तिथे दोघांनाही यावं लागलं, पण आपापल्या गावात बसून.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा कपडा, वरून निळा रुमाल. काका वाचले, आणि मला वाटतं त्यांना सगळ्यात जास्त त्रास लिफ्टचा झाला. आत माणूस अडकलेला, ओरडतोय, आणि वरून हाक द्यायला आवाज नाही. मग त्यांनी पान्ह्यानं विहिरीच्या लोखंडावर ठोकायला सुरुवात केली. टक टक. म्हणजे, मी आहे. लोकांनाही सवय झाली. आत अडकलेला माणूस आतून ठोकायचा, काका वरून ठोकायचे.

कार्यक्रमाला मात्र यायचेच. कुणाचाही असो. माझ्या मिक्सरशेजारी खुर्ची टाकून बसायचे. गाणं सुरू झालं की डावा हात कानावर, तळवा उताणा. ओळीच्या शेवटाला त्यांचं तोंड उघडायचं. स्टेजवर कीबोर्डवाला पट्टी दाबायचा, डब्यातून त्यांचाच आवाज यायचा, आणि शेजारी ते तोंड उघडून बसलेले. मला बघवायचं नाही. एकदा त्यांनी खुणेनं माइक मागितला. मी काय करणार? दिला. बाहेर सोडला नाही, फक्त माझ्या हेडफोनमध्ये घेतला. त्या गळ्यातून नुसता वारा येत होता. पण बघा, तो वारा बरोबर ओळीच्या शेवटी यायचा आणि बरोबर झिलेएवढाच लांब असायचा. एका मात्रेचाही फरक नाही. त्यानंतर मी रोज त्यांना माइक लावून द्यायला लागलो. समोर शेकडो माणसं मशिनीतली झील ऐकायची आणि मी एकटा खरी ऐकायचो.

पावसाळा ओसरल्यावर, चिंचोटीला जायची बंदी आणि तिथला पोलिसांचा पहारा उठला तेव्हा, ते मला धबधब्याला घेऊन गेले. वस्ताद तिथे त्यांचा रियाझ घ्यायचे, हे त्यांनी पाटीवर लिहून सांगितलं. पाण्याच्या आवाजावर झील चढली तर ती झील, नाहीतर घरी जा. आम्ही दगडांवरून वर गेलो. पाणी अजून बऱ्यापैकी होतं. काका अगदी जवळ जाऊन उभे राहिले, हात कानावर ठेवला आणि तोंड उघडलं. तिथे कुणाचाच आवाज ऐकू येत नव्हता. मी ओरडून काही बोललो ते मलाही ऐकू आलं नाही. तिथे ते आणि मी सारखेच होतो. बराच वेळ गायले.

त्यानंतरचा हिवाळा त्यांनी काढला. मग दुखणं परत आलं, आणि काका गेले.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम फुलपाड्यातल्या बुद्धविहारात होता, दुपारी. साऊंड माझा, हे सांगायला नको. दोन्ही पार्ट्या आल्या. सामना नव्हता, नुसती आदरांजली, तरी सवयीनं डावीकडे विरार बसलं आणि उजवीकडे सोपारा. माझेही डबे सवयीनं तसेच. डाव्या डब्यात मोहनदादांची पार्टी, उजव्यात रत्नाताईंची. नाहीतर प्रत्येकाला वाटतं समोरच्याचा आवाज मोठा केलाय. मधे काकांचा फोटो, मेणबत्ती, फुलं. आणि फोटोच्या पुढे मी एक माइक उभा केला, काकांच्या उंचीचा. कुणी विचारलं नाही. मी तो चालूही ठेवला.

भंतेजींचं त्रिशरण-पंचशील झालं. कुणी दोन शब्द बोललं. मग रत्नाताई उठल्या आणि त्यांनी वस्तादांचं नमन धरलं. काळी दोनमध्ये. बाईंच्या गळ्याला तो सूर खाली पडतो, पण त्या गात होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी जावई पट्टी दाबत होता आणि उजव्या डब्यातून काका येत होते. विहारात बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. काकू फोटोकडे बघत नव्हत्या, डब्याकडे बघत होत्या. डावीकडे मोहनदादा हाताची घडी घालून, मान खाली घालून.

शेवटच्या ओळीत वस्तादांनी मागं राहिलेल्यांचं नाव घेतलंय. रत्नाताई त्या ओळीत शिरल्या आणि अर्ध्यात त्यांचा गळा भरला. त्या थांबल्या. जावई पट्टीवर बोट ठेवून ओळ पुरी व्हायची वाट बघत होता. त्याला तरी काय बोल लावणार? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ओळ पुरी होत नसते तेव्हाच झीलकऱ्याची गरज असते. माझ्यासमोर रत्नाताईंचा दिवा लाल, पिवळा, हिरवा झाला. मी मिक्सरवरची कळ वर ढकलत होतो. उपयोग काय त्याचा. ओळ पडत होती.

मोहनदादांनी घडी सोडली. शेजारच्या कीबोर्डवाल्याचा हात बाजूला सारला आणि स्वतः पट्टी दाबली.

डाव्या डब्यातून झील उठली.

कीबोर्डवाला दचकून पुटपुटला, "दादा, हरलो ना आपण."

"गप," मोहनदादा म्हणाले. "ऐक."

कारण तिकडे जावई भानावर आला होता आणि घाईघाईत त्यानंही पट्टी दाबली होती. डावीकडून काका निघाले होते, आणि क्षणभरानं उजवीकडूनही काका निघाले. तोच आवाज, तोच सूर, त्याच एका सकाळी त्या रिकाम्या विहिरीत घेतलेला तोच एक श्वास. एक पुढे, एक जरासा मागं. मला हेडफोनमध्ये दोन्ही स्वच्छ ऐकू येत होते, आणि मधल्या माइकमध्ये पंख्याचा वारा.

आयुष्यभर ज्या माणसाच्या मागं भिंत होती, त्याच्या मागं पहिल्यांदा कुणीतरी होतं.

रत्नाताई मोहनदादांकडे बघत होत्या. डावीकडची झील आधी संपली. उजवीकडची थोडा वेळ एकटीच राहिली, खाली उतरत गेली, आणि तीही संपली. मी वाट बघितली. तिच्या मागं काही आलं नाही.